लग्नापर्यंत केस टिकले पाहिजेत

त्या रविवारी सकाळी भाऊ खांबेटे स्टुलावर चढून घरातली तांब्याची भांडी माळ्यावर टाकत होते. पाण्याचं पिंप गेलं, पाहुण्यांपुढे ठेवायचे तांबे गेले, मागोमाग देवातलं पळी-पंचपात्रही निघालं. मंदाकिनीबाई खाली उभ्या राहून एकेक भांडं उजव्या हाताने वर देत होत्या. डावा हात त्यांनी पदराखाली अंगाशी धरून ठेवला होता.

"अहो, पळी-पंचपात्र तरी राहू द्या. देवाला काय होणार आहे तांब्यानं?"

"देवाला नाही, तुला होईल. तीर्थ तूच घेतेस ना? तुझ्या रक्तात तांबं आधीच वाढलेलं असणार. मी वाचलंय सगळं."

वर्तकनगरच्या त्या जुन्या वसाहतीत भाऊंना सगळे भाऊच म्हणत, त्यांची मुलगी क्षिप्रासुद्धा. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांची हयात प्रयोगशाळेत गेली होती. लोखंड का गंजतं, रंग का पोपडे धरतो, त्यात काय मिसळलं म्हणजे तो टिकतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. निवृत्त झाल्यावर हाताशी लोखंड उरलं नव्हतं. माणसं होती.

"भाऊ, आता हे काय नवीन?" क्षिप्रा डोळे चोळत बाहेर आली.

"तुझ्या आईच्या शरीरात जस्त आणि सेलेनियम कमी पडलंय, तांबं जास्त झालंय. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला. सोप्या भाषेत सांगायचं तर शरीर आतून गंजतं. काळजी करू नकोस, मी बघतोय."

"डॉक्टरला दाखवलंत ना?"

"दाखवलं की."

हे खोटं नव्हतं. पण ते पूर्णही नव्हतं. क्षिप्राच्या डोक्यात ऑफिस होतं आणि मार्गशीर्षातलं स्वतःचं लग्न होतं. आईला कसली तरी कमतरता आहे आणि भाऊंना एक नवा नाद लागलाय, एवढं समजून ती चहा घ्यायला बसली.

खरी गोष्ट अशी होती. गौरी-गणपती झाले आणि एके दिवशी आंघोळ करताना मंदाकिनीबाईंच्या हाताला डाव्या स्तनात एक टणक गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तर त्या जास्त घाबरल्या. तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? या घरात ज्ञानेंद्रियांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सगळ्या विषयांवर जेवताना चर्चा चालत, पण 'स्तन' हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. शेवटी भीती असह्य झाली तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "छातीत काहीतरी आहे." भाऊंना वाटलं, हृदय. त्यांनी ईसीजी काढायला नेलं. हसू येतं ना वाचताना? हसा. पण आपल्या घरात कोणता शब्द वापरतात, तेही एकदा आठवून बघा.

मग ठाण्यातल्या एका डॉक्टरबाईंकडे जाणं झालं. तिथे तपासण्या झाल्या, सुई घालून गाठीचा तुकडा काढला गेला, आणि डॉक्टर नीरजा यांनी दोघांना समोर बसवून कर्करोग आहे असं स्पष्ट सांगितलं. "लवकर आलात. गाठ फार मोठी नाही. आधी केमो देऊ, मग शस्त्रक्रिया. उपचार लांबलचक आहेत, पण बऱ्या व्हायची शक्यता चांगली आहे. सुरुवातीलाच केस जातील, त्याची मनाची तयारी ठेवा. ते परत येतात."

एवढ्या सगळ्या बोलण्यातून भाऊंच्या कानांनी नेमके दोनच शब्द उचलले: केस जातील.

मांडवात नवरीची आई डोक्याला रुमाल बांधून उभी राहणार. व्याह्यांकडचे विचारणार, काय झालं हो? आणि मग? "लग्नानंतर सुरू केलं तर?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "अजिबात नाही." भाऊंनी मान डोलावली, पुढची वेळ घेतली आणि त्या वेळेला ते गेलेच नाहीत.

भाऊ दुष्ट होते का? दुष्ट असते तर गोष्ट सोपी होती. आपण त्यांना चार शिव्या घातल्या असत्या आणि पान उलटलं असतं. त्यांचं बायकोवर प्रेम होतं, आणि ते घाबरलेही होते. भाऊंचं बालपण खडवलीला गेलं. ते शाळेत असताना त्यांच्या आईला हाच आजार झाला, आणि तो गावभर झाला. थोरल्या बहिणीसाठी, विजूताईसाठी, आलेलं स्थळ परत गेलं. दुसरं आलं, तेही उंबऱ्यावरून परत गेलं. विजूताई पुढे एका बिजवराला दिली. त्याच्या घरी ती रडत रांधत राहिली आणि तशीच संपली. आपल्या पोरीचं असं होऊ द्यायचं नाही, हे भाऊंनी क्षिप्राच्या जन्माच्याही आधी ठरवून टाकलं होतं.

म्हणून ते वाचत बसले. या आजारात रक्तात तांबं वाढलेलं आढळतं, जस्त आणि सेलेनियम कमी झालेलं आढळतं, पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण वाढलेला असतो, असं अनेक संशोधकांनी लिहून ठेवलं आहे. त्यात खोटं काही नाही. भाऊंनी त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र त्यांचा स्वतःचा होता. जे कमी आहे ते भरायचं, जे जास्त आहे ते काढायचं, म्हणजे गंज थांबेल. निदान लग्नापर्यंत थांबेल. त्यांनी जस्ताच्या गोळ्या मागवल्या. सेलेनियमचे थेंब मागवले, एका कंपनीचे, मग खात्रीसाठी दुसऱ्या कंपनीचेही. त्याशिवाय सेलेनियम भरपूर असलेले परदेशी दाणे आणले. मापापेक्षा थोडं जास्तच गेलेलं बरं, असा त्यांचा कारखान्यातला अनुभव होता.

"घे," ते म्हणत, आणि मंदाकिनीबाई घेत. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या हातून आलेलं काहीही नाकारलं नव्हतं. शिवाय लेकीच्या लग्नाची भीती त्यांनाही होतीच. दिवसा ती भीती मोठी वाटे. दुपारी घर रिकामं झालं की मात्र त्यांचा हात आपोआप पदराखाली जाई, गाठ चाचपून बघे, आणि दुसरी भीती पहिलीला गिळून टाके. गाठ वाढत होती. हे त्यांनी भाऊंना सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, "सारखा हात लावू नकोस. त्यानं सूज येते."

खांबेट्यांकडे चातुर्मास कडक पाळत. कांदा-लसूण घरात येत नसे. त्यामुळे एके दिवशी आईच्या कुशीत शिरलेली क्षिप्रा झटकन मागे सरली.

"आई, तू लसूण खाल्लास?"

"चातुर्मासात? काहीतरीच काय बोलतेस!"

"अगं, तोंडाला येतोय वास. बाहेर चोरून भेळ खाऊन आलीस ना? भाऊंना नाही सांगत, जा."

दोघी हसल्या. भाऊ पेपराआडून ऐकत होते. सेलेनियम अंगात फार झालं की श्वासाला असाच लसणासारखा वास येतो, हे कोणीही जाणकार त्यांना सांगू शकला असता. पण विचारायचं तर आधी आजाराचं नाव घ्यावं लागलं असतं.

मग नखं चिरायला लागली. साडीची निरी करताना नख अडके आणि उभं फाटे. आणि मग केस. फणीत आले, उशीवर आले, न्हाणीच्या जाळीत अडकून पाणी तुंबलं. मंदाकिनीबाई ते गोळा करून वर्तमानपत्रात गुंडाळत आणि कचऱ्यात अगदी तळाशी घालत. केस जाऊ नयेत म्हणून तर औषध घेतलं नाही. मग हे काय चाललंय? रोग डोक्यापर्यंत पोचला का? भाऊंनाही घाम फुटला होता, पण ते म्हणाले, "आतली घाण बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे." आणि त्यांनी बाजारातून एक गंगावन आणून दिलं. मागे आंबाडा घालायला ते चांगलं जमत होतं.

नरकचतुर्दशीला पहाटे क्षिप्रा हट्टाला पेटली. "दर वर्षी तू आम्हाला तेल लावतेस. या घरातली माझी ही शेवटची दिवाळी. आज मी तुला लावणार."

"नको गं, माझं मी लावते."

"गप्प बस आणि पाटावर बस."

मंदाकिनीबाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. पण बाहेर फटाके वाजत होते, उटण्याचा वास सुटला होता, आणि लेकीच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की त्यांना कारण सुचेना. त्या साडी गुंडाळून पाटावर बसल्या. क्षिप्राने तेलाचे हात केसांतून फिरवले. हाताला पुंजके लागले. तिने हात समोर धरले आणि बघत राहिली.

"आई?"

"वय झालं. जातात."

क्षिप्राने काही न बोलता मान चोळली, खांदे चोळले, पाठ चोळली. डाव्या काखेशी हात गेला तेव्हा मंदाकिनीबाईंनी कळवळून अंग चोरलं. तिथे सुपारीएवढं काहीतरी होतं. क्षिप्राची बोटं तिथेच थांबली. मग तिने घाबरत घाबरत पदर बाजूला केला आणि पाहिलं. कातडी एका जागी आत ओढली गेली होती, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती.

"आई गं," ती एवढंच म्हणाली. तेलाची वाटी लवंडली.

मंदाकिनीबाईंनी तेलकट हातांनीच तिचं तोंड दाबलं. "हळू! सगळं मला माहितीये. भाऊंनाही माहितीये. लग्न होऊ दे, मग सगळं करणार आहोत. तुला माझ्या गळ्याची शपथ, क्षिप्रा. तुझ्या सासरी, आठल्यांकडे, हे कळता कामा नये."

त्या दिवशी खांबेट्यांच्या घरी चकल्या झाल्या, रांगोळी झाली, येणाऱ्या-जाणाऱ्याला फराळ दिला गेला. तिघंही हसत होती.

दुपारी क्षिप्राने भाऊंना गॅलरीत गाठलं. "उद्या डॉक्टरकडे जायचं. लग्न-बिग्न मला काही सांगू नका."

तेव्हा भाऊंनी तिला पहिल्यांदा विजूताईची गोष्ट सांगितली. "सलिल चांगला मुलगा आहे, पण लग्न एकट्या सलिलशी नसतं. थोडेच दिवस राहिलेत, पोरी. अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जातो. मी शब्द देतो."

आणि क्षिप्रा गप्प बसली. हे लपवण्यात अर्थ नाही. शिकलेली, कमावती, ऑफिसात चार माणसांवर अधिकार गाजवणारी क्षिप्रा गप्प बसली. तिला सलिल आवडत होता. लग्न ठरल्या वेळी होईल या विचाराने तिला क्षणभर बरंही वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिला स्वतःची शिसारी आली. ती रोज आईकडे बघे, आणि रोज आईचा डावा हात थोडा जास्त सुजलेला दिसे. ती मोबाइलवर वाची, मोबाइल उलटा ठेवी, आणि थोड्या वेळाने पुन्हा वाची.

आठल्यांनी केळवणाला बोलावलं ते तुळशीचं लग्न झाल्यावर. भाऊंच्या जुन्या गाडीतून तिघं डोंबिवलीला गेली. मंदाकिनीबाईंनी लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं आणि गंगावनाचा आंबाडा. मुंब्र्याच्या बायपासवर गाडी खड्ड्यांतून गेली की त्या दात आवळून घेत. मागच्या सीटवर क्षिप्रा त्यांचा हात धरून बसली होती.

सलिलची आई वैशालीताई अगदी मोकळ्या स्वभावाच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दारातच त्यांनी मंदाकिनीबाईंचा हात धरला. "काय हो विहीणबाई, किती वाळलात! लेकीचं लग्न लेकीपेक्षा आईलाच जड जातं बघा." पानाभोवती रांगोळी होती, अळूचं फदफदं होतं, मसालेभात होता. सलिल क्षिप्राला चिडवत होता. त्याचे वडील भाऊंना बळेच जिलबी वाढत होते. सगळं कसं छान चाललं होतं, आणि त्या छानपणाचीच क्षिप्राला भीती वाटत होती.

ताकाची वाटी पुढे सरकवत वैशालीताई सहज म्हणाल्या, "खरं सांगू? तुमच्यासारखी सरळ माणसं मिळाली हे आमचं नशीब. सलिलला आधी कल्याणचं एक स्थळ आलेलं. मुलगी छान होती हो. पण तिच्या आईला ते… छातीचं निघालं. तेही तिसऱ्याकडून कळलं. आजाराचं एक वेळ ठीक आहे, पण लपवलं याचा फार राग आला आम्हाला."

मंदाकिनीबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. भाऊ ताटाकडे बघत भात कालवू लागले. तो आधीच कालवलेला होता.

"काकू," क्षिप्रा म्हणाली. "त्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही ते लग्न केलं असतंत?"

"म्हणजे?"

"आधीच, स्वतःहून सांगितलं असतं तर?"

वैशालीताई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्या सलिलकडे बघून म्हणाल्या, "तसं नाही गं… पण पुढच्या पिढीचा विचार करावा लागतोच ना."

"म्हणजे सांगितलं तरी नाही, आणि लपवलं तरी नाही. मग त्या बाईनं करायचं काय होतं? मरायचं?"

"क्षिप्रा!" भाऊ ओरडले.

"माझ्या आईला स्तनाचा कर्करोग आहे," क्षिप्रा म्हणाली. "गणपतीनंतर कळलंय. अजून एक दिवसही उपचार झालेला नाही. का, तर केस जातील आणि तुम्हाला कळेल म्हणून. तो आंबाडा खोटा आहे, काकू. आणि रोज ती माझ्या लग्नासाठी थोडी थोडी मरतेय, आणि मी इथे बसून जिलबी खातेय."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पण गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.

"मी शपथ घातली होती तुला," मंदाकिनीबाई पुटपुटल्या.

"मोडली," क्षिप्रा म्हणाली आणि रडायला लागली.

सलिल उठला, पुन्हा बसला. त्याचे वडील म्हणाले, "आम्हाला जरा विचार करायला वेळ द्या." आइस्क्रीम कुणी खाल्लं नाही. निघताना वैशालीताईंनी रीतीप्रमाणे ओटी भरली.

गाडीत भाऊ चिडून बोलत होते. "स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं केलंस. एवढी वर्षं मी ज्याला जपत आलो…" आणि तेव्हा मंदाकिनीबाई, ज्यांनी आजवर गाडीत कधी डावीकडे वळा म्हणूनसुद्धा सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "आता पुरे करा. मला जगायचंय हो. मला फार भीती वाटते. उद्या मला त्या डॉक्टरबाईंकडे न्या, नाहीतर मी रिक्षा करून जाईन."



डॉक्टर नीरजांनी तपासलं. तपासता तपासता त्यांचा चेहरा बदलत गेला आणि तिघं त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "गाठ दुपटीहून मोठी झालीये. काखेतही गेलीये. आणखी कुठे गेली आहे का, ते स्कॅन केल्यावर कळेल." मग त्यांनी नखं पाहिली, डोक्यावर विरळ झालेले केस पाहिले, आणि विचारलं, "घरी काय घेत होतात?"

भाऊंनी सगळं सांगितलं. तांबं, जस्त, सेलेनियम, गंज, संशोधन. सांगताना सुरुवातीला ते थोडे ताठ बसले होते.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुम्ही वाचलंत ते चूक नाही. या बायकांच्या रक्तात ते बदल दिसतात. ते आजारानं झाले की आजाराआधीचे, यावर अजून वाद आहे. पण ताप आलाय म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवला तर ताप उतरतो का? तसं केलंत तुम्ही. आणि हे केस, ही नखं, हे रोगानं झालं नाही. सेलेनियमचा अतिरेक झाला की असंच होतं. रक्त तपासू, पण मला फारशी शंका नाही. आजपासून ते सगळं बंद."

"म्हणजे केस…" भाऊंनी विचारलं.

"तुमच्या थेंबांनी गेले."

भाऊंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. बायकोचे केस वाचवायला त्यांनी तिचा उपचार थांबवला होता, आणि केस त्यांच्याच हातांनी गेले होते. मंदाकिनीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला विचाराल तर तो हात ठेवण्याइतकं मन माझं मोठं नाही. त्यांचं होतं.

स्कॅनचा निकाल आला. काखेच्या पुढे आजार गेलेला नव्हता. "सुदैव समजा," डॉक्टर म्हणाल्या. "पण सुरुवातीला जेवढी खात्री देता आली असती, तेवढी आज देता येत नाही." एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्याहून जास्त आजही कुणी म्हणत नाही.

आठल्यांचा फोन केमो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आला. वैशालीताईंचं म्हणणं समंजस होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. क्षिप्राने या आजाराचा आनुवंशिक धोका दाखवणारी जनुकांची तपासणी करून घ्यावी, निकाल चांगला आला की वैशाखात लग्न करू.

"तपासणी मी करणारच आहे," क्षिप्रा म्हणाली. "माझ्या आजीला होता, आईला आहे. मला माझ्यासाठी कळायला हवं. पण तो निकाल तुमच्या घरी दाखवायला नसेल, काकू."

मग सलिलचा फोन आला. "अगं, आईला मी समजावेन. तू फक्त टेस्ट करून टाक ना, काय प्रॉब्लेम आहे?"

"वाईट आली तर?"

सलिल गप्प राहिला. तो वाईट मुलगा नव्हता. पण तो गप्प राहिला, आणि क्षिप्राने फार वेळ वाट बघितली. मग तिने लग्न मोडलं. वसाहतीत लोक म्हणतात की बिचारीचं लग्न मोडलं. बिचारी वगैरे काही नाही, तिने ते स्वतः मोडलं, आणि त्यानंतर ती दार लावून खूप रडली. धीट माणसं रडत नाहीत असं कुणी सांगितलं?

आता निमंत्रितांना कळवणं आलं. भाऊ फोन घेऊन बसले. "घरगुती अडचण आली, लग्न रद्द केलंय." दुसरा फोन, तेच. तिसरा फोन, तेच. पहिल्या केमोनंतर कोचावर पडलेल्या मंदाकिनीबाई ऐकत होत्या. तोंडाला कोरड पडली होती, मळमळत होतं, आणि डोक्यावर आता फारसं काही उरलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "नाव घ्या."

"कशाचं?"

"माझ्या आजाराचं. मी काही पाप केलेलं नाही."

भाऊंनी पुढचा नंबर लावला. पलीकडे त्यांचे कारखान्यातले जुने साहेब होते. "माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झालाय. लवकर कळला होता. मी लपवला आणि उशीर केला." फोन ठेवून त्यांनी मग पुढचा नंबर लावला.

बातमी जिन्याने वर-खाली गेली, जाणारच होती. कुणी भेटायला आलं, कुणी येईनासं झालं. आणि एका दुपारी दारात रखमाबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या सुदेशची आई. मूळच्या साताऱ्याकडच्या, मुलाच्या संसाराला येऊन राहिलेल्या. त्या आत आल्या, दार स्वतःच लावून घेतलं, आणि मंदाकिनीबाईंच्या बोडक्या डोक्याकडे बघून पदराचं टोक तोंडात धरलं.

"दुखतं का वो वैनी?"

"गाठ नव्हती दुखत. आता औषधानं त्रास होतो. पण सोसवतो."

रखमाबाई खाली बसल्या. बराच वेळ फरशीवर बोट फिरवत राहिल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी मंदाकिनीबाईंचा हात धरला आणि लुगड्यावरूनच आपल्या छातीवर नेऊन ठेवला. मंदाकिनीबाईंच्या अंगावर काटा आला. त्या हाताला ते फार चांगलं ओळखीचं होतं.

"कधीपासून?"

"झालं की लई दिस. पर कुनाला सांगू नगा. आमच्या सुनंला, आयश्वर्याला, सातवा म्हैना लागलाय. पहिलटकरीन हाय, घाबरंल. तिचं बाळतपन होऊ द्या, मग सुदेशला सांगते मी. दोन-तीन म्हैन्याचा तर सवाल हाय. तुमाला माजी आन हाय, वैनी."

मंदाकिनीबाईंना वाटलं, आपण आपलाच आवाज ऐकतोय. कुणाचं लग्न होऊ दे, कुणाचं बाळंतपण होऊ दे, कुणाची दहावी होऊ दे. घरातल्या प्रत्येकाचं सगळं होऊन जाऊ दे, आणि मग उरलं तर बाईचं बघू.

त्या भिंतीला धरून उठल्या. घेरी आली, थांबल्या. रुमालासाठी त्यांनी हातसुद्धा पुढे केला नाही.

"चला."

"कुठं?"

"खाली. तुमच्या घरी."

"वैनी, पाया पडते तुमच्या—"

"पडू नका. चला."

एक मजला उतरायला त्यांना फार वेळ लागला. दर चार पायऱ्यांवर त्या कठड्याला टेकत होत्या. रखमाबाई मागे ओढत होत्या, रडत होत्या, हात मात्र सोडवून घेत नव्हत्या. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याचं गुपित असं फोडावं का? विश्वासाने आलेल्या बाईचा हा विश्वासघात नाही का? विचार करा. मीही केला. तेवढ्या वेळात मंदाकिनीबाईंनी बेल दाबली होती.

दार ऐश्वर्याने उघडलं. एक हात कमरेवर, कपाळावर घाम. तिने समोर ते बोडकं डोकं पाहिलं, शेजारी रडणारी सासू पाहिली, आणि ती एक पाऊल मागे सरली.

"काकू, काय झालं? आई का रडताहेत?"

"ऐश्वर्या, आत बस आधी. पाणी पी," मंदाकिनीबाई धापा टाकत म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंना उद्या सकाळी डॉक्टरकडे न्यायचंय. कशासाठी ते त्या सांगतील. आत्ता सांगतील. त्यांनी नाही सांगितलं तर मी सांगेन, पण मी इथून सांगितल्याशिवाय जाणार नाही."

रखमाबाईंनी चौकट घट्ट धरली होती. त्या सुनेच्या पोटाकडे बघत होत्या, मग मंदाकिनीबाईंच्या डोक्याकडे, मग पुन्हा पोटाकडे. जिन्यात वरच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि कुणीतरी वाकून खाली पाहिलं. रखमाबाईंनी पदर सावरला, तोंड पुसलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मला छातीत… नाय, थानात गाठ आलीया."